बोल कडू, भाकर गोड

माउली, जिजाईचं नाव निघालं की आपल्या तोंडी पहिला शब्द काय येतो? कजाग! पांडुरंगाला शिव्या घालणारी तुकोबारायांची बायको. तिचे बोल आपण पाठ केले, बोलामागचं काळीज काही पाहिलं नाही.

जरा तिच्या घरात डोकावा. पुण्याच्या आप्पाजी गुळवे सावकाराची ती लेक. देहूला आली ती खात्यापित्या, महाजनकीच्या घरात. मग १६३० चा दुष्काळ पडला. दुकान बसलं. सवत रखुमाई अन्न अन्न करीत गेली, तिचा संतूही गेला. हे सगळं जिजाईच्या डोळ्यांदेखत झालं. पुढे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. आता चुलीपुढं पोरं भुकेनं रडली, तर त्या माउलीनं बोलावं कुणाला? तिनं विठ्ठलाला धरलं. लोकांना ती निंदा वाटली. अहो, ती भीती होती!

आणि तोंडानं बोलणारी हीच बाई रोज भाकर बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढायची. तुकोबांच्या पोटात घास गेल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. एकदा वाटेत पायात काटा रुतला. तो कुणी काढला? कथा सांगते, जिला शिव्या घालायची सवय, तिच्या पायाशी प्रत्यक्ष पांडुरंग बसला. देवानं बोल धरला नाही, भाव धरला.

आपलं उलटं होतं. आई म्हणते, "आलास एकदाचा?" आपण टोमणा ऐकतो, ती दोन तास दाराशी उभी होती, ते दिसत नाही. म्हणून तोंड काय बोलतं ते ऐका, पण हात काय करतात तेही पाहा. एवढ्यानं कळलं नाही, तर शांतपणे विचारा, "तुला काय म्हणायचंय?" मात्र बोलही कडू आणि हातही मारणारा असेल, तिथं ही गोष्ट लावून कुणाला सोसायला सांगू नका. जिजाईच्या हातात भाकर होती, हे विसरू नका.

आणखी एक. १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीची वाट धरली ती नारायण महाराजांनी. तुकोबा गेले तेव्हा ते जन्मलेही नव्हते. त्यांना वाढवलं कुणी? याच जिजाईनं! विठ्ठलाचा खरंच राग असता, तर तिच्या पोटचं पोर पंढरीला निघालं असतं का?

रामकृष्ण हरी.