पिकअपच्या केबिनमधील मॅट निवडताना



आता बऱ्याच घरांपुढे बैलगाडीच्या जागी पिकअप नाहीतर छोटा टेंपो उभा दिसतो. बाजाराला भाजी न्यायची तीच, खताची पोती आणायची तीच, आणि यात्रेला घरची माणसेही तिच्यातच. गाडी घेताना आपण टायर-इंजिन पारखून घेतो, मागच्या हौद्याला रंग मारतो. ड्रायव्हरच्या पायाखाली मात्र जुन्या बारदानाचा तुकडा टाकला की काम झाले असे समजतो.

बारदान पाणी धरून ठेवते. ओल्या रानातून आलेले पाय, त्यांचा चिखल, त्यात सांडलेले खत. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचा सख्खा भाऊच म्हणा ना. त्याची ओल पत्र्याला लागली की गंज भराभर वाढतो. वरून काही कळत नाही. तेव्हा महिन्यातून एकदा तरी मॅट उचलून खालचा पत्रा पाहत जा.

पण पत्रा बदलता येतो. दुसरा धोका जिवाचा आहे. सुटी मॅट पायाने पुढे सरकते आणि रेसच्या पेडलला अडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळ ऑगस्ट २००९ मध्ये असेच झाले. मोटारीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती. तिच्यात रेस अडकून राहिली, गाडी आवरेना, आणि आतले चौघेही गेले. त्यानंतर कंपनीने सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरकडची मॅट काढून ठेवण्यास कळवले. गाडी नवी होती, मॅटही काही फाटकी नव्हती. ती त्या गाडीची नव्हती, एवढेच.

म्हणून मॅट आपल्याच मॉडेलच्या मापाची घ्या. दुकानात नुसती पाहून आणू नका, गाडी दुकानापुढे उभी करून बसवून पाहा. तळाला हूक असेल तर मॅटचे भोक त्यात बसलेच पाहिजे. मग इंजिन बंद ठेवून रेस, ब्रेक, क्लच एकेक करून तळापर्यंत दाबा. पेडल कुठे घासता कामा नये, आणि पाय उचलताच आपोआप वर आले पाहिजे. जुन्या मॅटवर नवी मॅट कधीही टाकू नका. "जाड तेवढी टिकाऊ" हे म्हणणे ड्रायव्हरच्या बाजूला तरी मला मान्य नाही.

चालत्या गाडीत रेस अडकलीच तर खाली वाकून मॅट ओढू नका. क्लच दाबा, ब्रेक जोराने दाबून धरा, गिअर न्यूट्रलला आणा आणि गाडी कडेला घ्या. गाडी थांबल्यावरच चावी फिरवा.

आता टिकाऊपणाचे. रबरी मॅट चिखलाला उत्तम, पण साधे रबर डिझेल-ऑइलने फुगते. सांडल्यास लगेच साबणाने धुवा. स्वस्त प्लॅस्टिकची मॅट काही दिवसांत कडक होऊन चिरते, शिवाय ओल्या चपलेखाली निसरडी. घेताना कोपरा दुमडून पाहा. घडीवर पांढरी रेघ उमटली किंवा तडा गेला तर परत ठेवा. कडा बोटभर उभ्या असाव्यात, म्हणजे पाणी आतच राहते. तळाला बारीक गुठळ्या असल्या की मॅट सरकत नाही.

औषधाच्या बाटल्या माणसे बसतात तिथे ठेवूच नयेत. त्या हौद्यात, खाद्यापासून दूर. तरी केबिनमध्ये कीटकनाशक सांडलेच, तर हातमोजे घालून मॅट बाहेर काढा आणि विहीर, ओढा, गुरांचे पाणी यांपासून लांब धुवा. कापडी मॅट किंवा बारदान भिजले असेल तर ते पुन्हा वापरू नका. लहान मुले अनवाणी बसतात, तळाला हात लावतात, तोच हात तोंडात जातो.

धुतलेली मॅट सावलीत दोन्ही बाजूंनी पुरती वाळवा, खालचा पत्राही पुसून घ्या. परत बसवल्यावर हूक लावला की नाही हे पाहूनच गाडी चालू करा.