कासवाची जागा

शंकराच्या देवळात कासवाची जागा ठरलेली असते. नंदीला हात लावून गाभाऱ्याकडे निघाले की वाटेत ते दगडी कासव भेटते. हल्ली वास्तुशास्त्रवाल्यांनी धातूच्या कासवाचीही सोय लावली आहे. त्याला म्हणे उत्तर दिशा मानवते. खरा प्रश्न येतो तो जिवंत कासवाचा.

आमच्या घरी असे एक आले. चिरंजीवांच्या वाढदिवसाला कुणीतरी भेट दिलेले. रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवेगार, डोळ्यांमागे तांबडा पट्टा. सोबत प्लॅस्टिकचे भांडे आणि त्यात प्लॅस्टिकचेच नारळाचे झाड. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, टीव्हीशेजारी त्याची स्थापना झाली. कासव आपले घर पाठीवर घेऊनच हिंडते, त्याला आणखी जागा कशाला, असा आमचा हिशेब! सहा-सात महिन्यांत त्याचे कवच बोटाने दबू लागले. पशुवैद्यांनी खाण्यापिण्याची चौकशी नंतर केली. आधी विचारले, ''हे बसतं कुठे? याला ऊन मिळतं का?'' आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो.

कासवाच्या पाठीवर असते ते घर नव्हे, चिलखत. त्याचे घर म्हणजे ऊन आणि पाणी. त्याला स्वतःच्या अंगात ऊब निर्माण करता येत नाही; ती बाहेरूनच घ्यावी लागते. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्याच बळावर कॅल्शियम अंगी लागून कवच घट्ट राहते. खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. म्हणून काचेआडचे ऊन दिसायला ऊन. कासवाच्या कवचाला त्याचा उपयोग नाही.

तेव्हा जागा निवडताना दिशा पाहायची ती उन्हाची. सकाळचे कोवळे ऊन येणारी पूर्वेची गॅलरी सर्वांत उत्तम. मात्र अर्धी जागा सावलीत हवी, नाहीतर उथळ पाणी तापून कासव आतच होरपळते. पोहण्याइतके पाणी आणि चढून कोरडे होता येईल असा दगड, दोन्ही हवीत. वर जाळी हवी. कावळे आणि मांजरे टपलेली असतात. थंडीत दगडावर दिव्याची ऊब लागते. टीव्हीशेजारी, दाराच्या तोंडाशी, सतत हादरे बसतात तिथे ठेवू नये. स्वयंपाकघरात तर मुळीच नको. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. त्याचे पाणी ओट्यावर ओतू नये. मोरी जवळ असावी आणि हात साबणाने धुवावेत.

आणखी एक हिशेब दुकानात कुणी सांगत नाही. हे मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातले कासव. ते वाढून दहा-बारा इंचांचे होऊ शकते आणि वीस-तीस वर्षे सहज जगते. त्याला शे-दोनशे लिटरची टाकी लागते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन शंभर-दोनशे किलो. शोकेसची फळी ते पेलणार नाही.

एवढी जागा नसेल तर आणू नये, हेच प्रामाणिक उत्तर. आपल्याकडचे तारा-कासव तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. ते घरी ठेवणे हा गुन्हाच. आणि आणलेले विदेशी कासव जड झाले म्हणून तळ्यात सोडणे हे पुण्य नव्हे. ते तिथल्या देशी कासवांच्या अन्नावर आणि ऊन खाण्याच्या जागांवर हक्क सांगते.

आमच्या कासवाचा टब आता गॅलरीत, मोरीच्या दारापाशी आहे. कपडे वाळत घालायची दोरी त्यापायी हलवावी लागली. कवच पुन्हा घट्ट झाले. कडेचा बाक मात्र कायमचा राहिला. गीतेत स्थितप्रज्ञाला अवयव आवरून घेणाऱ्या कासवाची उपमा दिली आहे. शोकेसमधले आमचे कासव तसे अंग चोरून बसे, तेव्हा आम्हाला ते फार शांत वाटे. ते भेदरलेले होते. आता सकाळी आठच्या सुमारास ते दगडावर चढते, मान लांब करते आणि मागचे दोन्ही पाय ताणून उन्हात पसरते. जागा बरोबर निवडली, याची तेवढी पावती आम्हाला पुरे.