शोक आणि आशा

माझी पत्नी वारून आतां तीन वर्षें होतील. त्या दिवसांत समाचारास येणारे स्नेही मला म्हणत, "मास्तर, आपण श्रद्धावंत, आपण रडतां कामा नये." त्यांचा हेतु चांगला होता, परंतु त्यामुळें शोकाच्या जोडीला मला लाजही वाटूं लागली. म्हणून ख्रिस्ती श्रद्धा शोकाविषयीं खरोखर काय सांगते, तें आज पाहूं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायांत बेथानी गांवच्या लाजराची हकीकत आहे. त्याला कबरेंत ठेवून चार दिवस झाले होते. आपण त्यास उठविणार, हें येशूला ठाऊक होतें. तरी मरीयेला व तिच्याबरोबरच्या लोकांना रडतांना पाहून त्याच्याही डोळ्यांतून आसवें वाहिलीं. शेवट ज्याला ठाऊक तोच जर रडला, तर आपलीं आसवें अश्रद्धेचें लक्षण कशीं ठरतील? पौलानेंही थेस्सलनीकाच्या मंडळीला शोकाची बंदी केली नाहीं. आशाहीनांसारखा शोक करूं नका, एवढेंच सांगितलें.

ही आशा कोणती? ख्रिस्त मरणांतून उठला, म्हणून त्याच्या ठायीं निजलेलेही उठतील, ही. पौलानें यास पेरणीचा दृष्टांत दिला आहे. शेतकरी दाणा मातीआड करतो तेव्हां तो दिसेनासा होतो. पण तो वायां गेला असें कोणी म्हणत नाहीं. वियोग खरा आहे. मात्र तो अखेरचा नव्हे.

अशा आशेचें बळ पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत दिसतें. दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईवडील व थोरली बहीण गेलीं. १८८० सालीं भाऊ आणि १८८२ सालीं पति गेले. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा आली म्हणून दुःखें थांबलीं नाहींत. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमाही वारली, तेव्हां रमाबाई ६३ वर्षांच्या होत्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्या मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलाचें सोपें मराठी भाषांतर करीत होत्या. तें काम त्यांनीं सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

मीही आज जवळजवळ त्याच वयाचा आहें. पत्नीच्या आठवणीनें डोळे अजून भरून येतात. आतां मी ते लपवीत नाहीं. संध्याकाळीं शेजारचीं दोन मुलें माझ्याकडे गणितें घेऊन येतात. त्यांतील एकाची आई गेल्या वर्षीं वारली. परवां पाढा म्हणतां म्हणतां तो मध्येंच थांबला. "रडूं नकोस" असें मीं त्यास म्हटलें नाहीं. त्याला जवळ घेऊन कांहीं वेळ बसलों; आणि मग आम्हीं दोघांनीं मिळून तो पाढा पुरा केला.