घरासाठी लाद्यांची निवड

पेडणे व डिचोली तालुक्यांतील जुन्या घरांची जमीन शेणाने सारवलेली असे. सारवणाचे काम वरचेवर करावे लागे. पण पावसाळ्यातील ओल ती जमीन शोषून घेई. आता बहुतेक नव्या घरांत सिरॅमिकच्या लाद्या बसविल्या जातात. स्वच्छतेच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्हच आहे. मात्र दुकानातील दिव्यांच्या प्रकाशात पसंत पडलेली चकचकीत लादी आषाढात ओल्या ओसरीवर कशी ठरेल, याचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो.

झिलईदार लादी गोमंतकास नवी नाही. पणजी येथील मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी १९३५ साली रंगविलेल्या चित्रमय लाद्या आजही पाहावयास मिळतात. परंतु त्या भिंतीवर आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. भिंतीची लादी व जमिनीची लादी या दोन निराळ्या वस्तू होत. भिंतीची लादी सच्छिद्र असून ती सामान्यतः आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषते आणि ओझ्याखाली लवकर फुटते. उलट, व्हिट्रिफाइड लादी अर्धा टक्काही पाणी शोषीत नाही. पारख करावयाची असल्यास लादी उलटी करून तिच्या पाठीवर थोडे पाणी ओतावे. ते झटकन जिरल्यास ती लादी जमिनीस, निदान ओसरीस व पायऱ्यांस तरी, वापरू नये.

आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. ओले पाय घेऊन माणसे घरात येणारच. गुळगुळीत लादीवर वृद्ध व्यक्ती घसरून पडल्यास खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. ओसरी, न्हाणीघर व मोरी यांसाठी खरखरीत पृष्ठभागाचीच लादी घ्यावी. घसरण रोखण्याची क्षमता ‘आर ९’ ते ‘आर १३’ अशा क्रमांकांनी दर्शविली जाते. ओल्या जागी ‘आर १०’ किंवा ‘आर ११’ असणे इष्ट. ‘आर ९’ ही सर्वांत खालची पायरी होय. खरखरीत लादी पुसावयास थोडे अधिक श्रम पडतात, हे खरे. पण ते श्रम परवडण्याजोगे आहेत. न्हाणीघरात जाळीकडे दर मीटरला एक ते दीड सेंटीमीटर उतार ठेवण्यास गवंड्यास आवर्जून सांगावे.

पावसाच्या प्रारंभी थंड लादीवर दमट हवेतील बाष्प जमून लादीला ‘घाम’ येतो. ती गळती नव्हे. खेळती हवा मिळाली की तो ओसरतो.

हरमल, मांद्रे, मोरजी या किनारी गावांत प्रश्न वाळूचा आहे. वाळूतील गारेचे कण बहुतेक झिलईहून कठीण असल्याने पायांखाली ती खरवडली जाते व लादी निस्तेज होते. झीज सोसण्याच्या ‘पी.ई.आय.’ या १ ते ५ श्रेणींपैकी दाराजवळ ४ किंवा ५ श्रेणीची लादी घ्यावी, आणि दारात पायपुसणे ठेवावे. डिचोलीकडे लोहयुक्त तांबडी धूळ लाद्यांपेक्षा सांध्यांत अधिक मुरते. पांढरे सांधे वर्षभरात लालसर होतात. मग ॲसिडने घासले जातात आणि सिमेंट खाल्ले जाऊन पाणी खाली उतरते. त्यापेक्षा २ ते ३ मिलिमीटरचे सांधे प्रथमच करड्या वा तांबूस रंगात भरावेत. न्हाणीघरात इपॉक्सीचे भरण वापरावे.

खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. १५६२२ या मानकाचा उल्लेख आहे काय, हे पाहावे. सर्व खोक्यांवरील छटा व उत्पादन-क्रमांक एकच असावा. चार मीटर लांब व साडेतीन मीटर रुंद खोलीचे क्षेत्रफळ १४ चौरस मीटर होते. तुटफुटीसाठी दहा टक्के वाढविल्यास १५.४ होते. ६० सेंटीमीटरच्या चार लाद्यांच्या खोक्यात १.४४ चौरस मीटर माल असतो, म्हणजे ११ खोकी लागतात. उरलेल्या लाद्या जपून ठेवाव्यात. तीच छटा पुढील वर्षी बाजारात मिळेलच असे नाही.