कोरी वही काय सांगते?

पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठला, की पहिला प्रश्न विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये हेच पाणी ५७ फुटांवर गेलं. पण सांगलीचा आकडा एकट्या सांगलीचा नसतो. वर सातारा जिल्ह्यात कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी अशी धरणं आहेत. प्रत्येकाची नोंदवही वेगळी. या सगळ्या वह्या शेजारी ठेवून वाचल्या, तर खाली काय येणार ते कळतं. एखाद्या रात्री कोयनेचा आकडा आलाच नाही, तर ‘तिथे पाऊस पडला नाही’ असं कुणी म्हणत नाही. आधी फोन लागतो का, ते बघतात.

संगणकाच्या बाबतीत मात्र आपण हा शहाणपणा विसरतो.

संगणकाच्या रोजनिशीला ‘लॉग’ म्हणतात. शब्द जहाजावरचा आहे. वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडी तुकडा पाण्यात सोडत, तो लॉग. तो आकडा जिथे उतरवत, ती लॉगबुक. आजचे सर्व्हरही अशीच वही लिहितात : किती वाजता सुरू झालो, कोण आलं, काय बिघडलं.

पतसंस्था, बँक, इस्पितळ अशा ठिकाणी एका सर्व्हरवर विसंबून चालत नाही. म्हणून दोन-तीन यंत्रं जोडीला लावतात. एक पडलं, की दुसरं काम उचलतं. या जोडणीला ‘क्लस्टर’ म्हणतात. यंत्रं एकमेकांना सतत ‘मी जागा आहे’ असा निरोप पाठवत असतात. निरोप थांबला, की जोडीदार समजतो, गडी पडला. हे सांभाळणाऱ्या एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरचं नावच ‘पेसमेकर’ आहे.

माझा भाचा हेच काम करतो. एका संस्थेत मंगळवारी रात्री पहिला सर्व्हर बंद पडला. दुसऱ्याने काम उचललं खरं, पण सकाळी पाहिलं तर त्याच्या लॉगमध्ये त्या रात्रीची एकही ओळ नाही. रात्रपाळीला एकच कारकून होता. ‘यानेच काहीतरी केलं आणि नोंद पुसली,’ असं ठरूनही गेलं. वीस वर्षं नोकरी केलेला माणूस. घरी जाऊन जेवला नाही.

भाच्याने आधी एक साधी गोष्ट केली. लॉगमध्ये स्वतः एक ओळ लिहून पाहिली. लिनक्सवर त्यासाठी ‘लॉगर’ नावाची आज्ञा असते. ओळ उमटलीच नाही. म्हणजे वही पुसलेली नव्हती, लेखणीच चालत नव्हती. मग त्याने लॉगची डिस्क पाहिली. ती काठोकाठ भरलेली. हिशेबाची डिस्क वेगळी, म्हणून व्यवहार सुरळीत चालू होते आणि कुणाला पत्ता लागला नाही. लॉगची शेवटची ओळ रविवारची होती, तीही अर्धवट तुटलेली. रविवारी तो कारकून रजेवर, गावी होता. सगळ्यांनी फक्त मंगळवारची तारीख शोधली होती. नोंद नेमकी कधी थांबली, हे कुणी पाहिलंच नव्हतं. पहिला सर्व्हर का पडला, त्याचं कारण पुढे यूपीएसच्या बॅटरीत सापडलं.

मी त्याला विचारलं, नोंद हरवण्याची आणखी कारणं कोणती? तो म्हणाला, ‘‘मामू, पहिलं म्हणजे आपण चुकीची वही वाचत असतो. क्लस्टरमधलं एक यंत्र कारभारी असतं. कोणतं काम कुठे हलवायचं, ते तोच ठरवतो. कारण त्याच्याच वहीत सविस्तर लिहिलेलं असतं, आणि कारभारी बदलतही राहतो. म्हणून सगळ्या यंत्रांच्या वह्या काढायच्या.’’

दुसरं, घड्याळं. एक यंत्र सात मिनिटं मागे असेल, तर घटना घडलेली असूनही त्या वेळेसमोर दिसत नाही. तिसरं, लिहिण्याची पातळी. ‘सिसलॉग’ या पद्धतीत ० ते ७ अशा आठ पातळ्या असतात : ० म्हणजे हाहाकार, ७ म्हणजे बारीकसारीक तपशील. कुणी ‘फक्त चुका लिही’ असं सांगून ठेवलं असेल, तर नेहमीची घडामोड वहीत येतच नाही. चौथं, काही ठिकाणी लॉग डिस्कवर न जाता स्मरणात राहतो. वीज गेली, की पाटीवरचं पुसलं जावं तसा तो जातो. पाचवं, ओळींचा लोंढा आला तर नोंद घेणारी व्यवस्था ठरावीक मर्यादेनंतर ओळी सोडून देते. नेमक्या गोंधळाच्या क्षणी हे घडतं. मात्र आपण किती ओळी सोडल्या, हे ती बहुधा लिहून ठेवते. ती ओळ शोधायची.

यावर उपाय महाग नाहीत. सगळ्या यंत्रांचे लॉग तिसऱ्याच एका यंत्रावर गोळा करावेत, घड्याळं एका वेळेला बांधावीत, डिस्क भरत आली की इशारा मिळावा, आणि रोज एक चाचणीची ओळ लिहून ती उमटते का, ते पाहावं. आयर्विनची पट्टी आपण पूर नसतानाही वाचतोच की.

आज आपली ठेव, पेन्शन, इस्पितळातले रिपोर्ट, सारं अशा यंत्रांत आहे. उद्या एखाद्या खिडकीवर कुणी सांगेल, ‘कॉम्प्युटरमध्ये नोंद नाही, म्हणजे तुम्ही पैसे भरलेच नाहीत.’ तेव्हा शांतपणे विचारावं, ‘साहेब, त्या दिवशी तुमची वही लिहीत होती का?’

तो कारकून पुन्हा कामावर रुजू झाला. त्याची कुणी माफी मागितल्याचं मात्र ऐकलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)