पाण्यातील प्राणवायूचा दिवस आणि रात्र

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यास लागले म्हणजे थोड्याच अंतरावर पवनार येते. गावाजवळून धाम नदी वाहते व तिच्या काठी विनोबाजींचा आश्रम आहे. १९३८ साली ते येथे राहावयास आले. नदीचे पात्र खडकाळ. चैत्र-वैशाखात अशा नदीची धार बारीक झाली म्हणजे खडकांच्या आड पाणी अडून राहते. हा संथ डोह, रसायनाच्या दृष्टीने पाहता, एक लहानसे तळेच होय.

अशा डोहावर किंवा एखाद्या गावतळ्यावर पहाटे गेल्यास कधी कधी एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडी टाकीत असतात. एखादे दिवशी तर कित्येक मासे उताणे होऊन तरंगताना आढळतात. ‘कोणी तरी पाण्यात विष कालविले’ अशी आवई लागलीच उठते, आणि संशयाचे बोट बहुधा शेजाऱ्याकडे वळते. पुष्कळदा विष कोणीच कालविलेले नसते. रात्र संपण्यापूर्वी पाण्यातील प्राणवायू संपलेला असतो, एवढेच.

पाण्यापाशी प्राणवायूची शिल्लक मुळातच थोडी. एक लीटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. ३० अंश उष्णतेच्या एक लीटर पाण्यात हवेतून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. पाणी गोठणबिंदूपर्यंत थंड असल्यास हा आकडा साडेचौदावर जातो. म्हणजे वऱ्हाड-नागपूरकडील उन्हाळ्यात, जेव्हा माशास श्वासाची गरज अधिक, नेमकी तेव्हाच ही शिल्लक कमी. वर हवेचा एवढा समुद्र असताना ही उणीव का भरून निघू नये, अशी शंका साहजिक आहे. परंतु स्तब्ध पाण्यात प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. वारा पाणी घुसळील किंवा धार खडकांवरून खळाळत पडेल, तेव्हाच वरचा वायू लवकर खाली पोचतो.

दिवसा दुसरा एक पुरवठा सुरू असतो. १७७९ साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने दाखवून दिले की, पाण्यात बुडविलेल्या हिरव्या पानांवर उन्हात प्राणवायूचे बुडबुडे जमतात व अंधारात ते थांबतात. हौदातील पाणवनस्पतीची एक काडी काचेच्या पेल्यात घालून उन्हात ठेवल्यास घरातील मुलांसही हे पाहता येईल. तळ्यात हेच काम डोळ्यांस न दिसणारी असंख्य शेवाळे करीत असतात. सूर्योदयापासून प्राणवायू वाढू लागतो व दुपारी तीन-चारच्या सुमारास तो शिखर गाठतो. हिरव्यागार तळ्यात तो हवेशी समतोल राखणाऱ्या प्रमाणापेक्षाही वर चढतो. बारा-पंधरा मिलिग्रॅमही भरतो.

सूर्य मावळला की मिळकत बंद होते, खर्च मात्र चालूच राहतो. मासे श्वास घेतात, तळाच्या गाळातील जंतू घेतात, आणि दिवसभर प्राणवायू देणारी शेवाळेही रात्री तोच घेऊ लागतात. त्यामुळे दिवसा जे तळे सर्वांत श्रीमंत, तेच पहाटे सर्वांत दरिद्री असू शकते. स्वच्छ, विरळ शेवाळाच्या तळ्यात ही चढउतार लहान असते. दाट हिरव्या पाण्यात ती भयंकर होते; दुपारचे बारा मिलिग्रॅम हे तेथे आरोग्याचे नव्हे, रोगाचे लक्षण समजावे. रोहू, कटला यांसारख्या माशांना पाचाच्या आसपास सुख असते. तीनच्या खाली त्यांचे हाल सुरू होतात. त्यात दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले व वाराही पडला, तर दिवसाची कमाईच बुडते व पहाटेस तळ्याचे दिवाळे निघते.

पाण्यात टाकलेले निर्माल्य, उरलेले अन्न, गावाचे सांडपाणी यांनी खर्चाची बाजू वाढते. कारण कुजणे म्हणजे जंतूंनी प्राणवायू खर्चून केलेले भोजनच. सांडपाण्याने शेवाळास खतही मिळते. जलपर्णीचे तर विचारूच नये. तिची हिरवी पाने पाण्याबाहेर असल्यामुळे त्यांचा प्राणवायू हवेत जातो, आणि खालच्या पाण्याचे ऊन व वारा दोन्ही ती अडविते.

हा प्राणवायू मोजण्याची सुंदर रीत लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनज्ञाने १८८८ साली दिली. बाटली एकही बुडबुडा न राहू देता भरावयाची व जागच्या जागीच तीत मँगनीजचा क्षार आणि आयोडाइड मिसळलेला अल्कली घालावयाचा. प्राणवायू असल्यास तपकिरी साका बसतो. नसल्यास तो पांढराच राहतो. पुढे आम्ल घातले म्हणजे प्राणवायूच्या प्रमाणात आयोडीन सुटते व ते मोजता येते. आता विजेच्या उपकरणांनी क्षणात आकडा मिळतो, परंतु बाटली असो की उपकरण, वेळेचा प्रश्न सुटत नाही. भारतात स्नानायोग्य पाण्यासाठी लीटरमागे निदान पाच मिलिग्रॅम प्राणवायू हवा असे प्रमाण ठरलेले आहे. पण कचेरीच्या वेळेत घेतलेला नमुना हिरव्या तळ्याची फार चांगली बाजू दाखवितो. ज्यास खरी स्थिती पाहावयाची असेल त्याने सूर्योदयापूर्वी बाटली भरावी व दुसरी दुपारी. १९५६ साली अमेरिकेत हॉवर्ड ओडम यांनी वाहत्या पाण्यातील याच दिवसरात्रीच्या चढउतारीवरून तेथील वनस्पतींची एकूण कमाई काढण्याची रीत बसविली.

मत्स्यपालन करणारे लोक पाणी घुसळणारी यंत्रे रात्री उशिरा सुरू करून उजाडेपर्यंत चालू ठेवतात ती याचसाठी. मरळ आणि मागूर यांना मात्र त्याची फारशी गरज पडत नाही. वर येऊन हवा गिळण्याची सोय त्यांच्या शरीरातच आहे. म्हणून डोहात रोहू मेले आणि मरळ तेवढे जिवंत राहिले असे आढळल्यास, विषाचा शोध घेण्यापूर्वी रात्रीच्या प्राणवायूची चौकशी करावी.