आकाशवाणीचे मौन आणि लंडनची बातमी

आणीबाणीत सरकारी बातमीवरचा विश्वास उडाला, त्यामागे खोट्या बातम्यांइतकाच गाळलेल्या बातम्यांचाही वाटा होता. 25 जून 1975 च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्र कार्यालयांची वीज तोडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदिरा गांधी आकाशवाणीवरून बोलल्या. विरोधी नेत्यांच्या धरपकडीच्या बातम्यांवर मात्र सेन्सॉरची कात्री आली. माहिती व नभोवाणी खाते इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे गेले. 1976 मध्ये पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही वृत्तसंस्था ‘समाचार’ नावाखाली एकत्र केल्या गेल्या. आता वर्तमानपत्र बदलून उपयोग नव्हता, कारण बातमीचा झराच एक झाला होता. लोक आकाशवाणीला ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हणू लागले.

पर्याय घरातच होता: लघुलहरींचा रेडिओ. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवर पोचतात. आवाज मध्येच बुडायचा, खरखर यायची, पण काटा हलवत राहिले की लंडनची बीबीसी लागायची. ही सवयही सरकारनेच लावली होती. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यावर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते लघुलहरींवरच्या रेडिओ सिलोनकडे वळले. 1957 मध्ये आकाशवाणीची चित्रपटगीतांची विविध भारती सुरू झाली, तोवर परदेशी केंद्र शोधण्यात बोटे तरबेज झाली होती. आणीबाणीत या लहरी अडवायच्या तर सोव्हिएत संघासारखी महागडी जॅमिंग यंत्रणा हवी. वार्ताहराला अडवणे त्यापेक्षा सोपे. सेन्सॉरच्या अटी मान्य नसल्याने बीबीसीचे मार्क टली यांना भारत सोडावा लागला.

बीबीसीही निर्लेप नव्हती. तिच्या जागतिक सेवेचा खर्च 2014 पर्यंत प्रामुख्याने ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या अनुदानातून चाले. लुई माल यांच्या भारतावरील माहितीपटांवरून 1970 मध्ये तिचे दिल्ली कार्यालय बंद करण्यात आले होते. भारताचे दैन्यच दाखवले, हा आक्षेप अनेकांना मनापासून पटला होता. तरीही बातमी कुणाची आधी आणि पुरी, याची तुलना श्रोता रोज करू शकत होता, आणि तिथे आकाशवाणी हरत होती.

आणीबाणी संपल्यावरही हे चित्र पालटले नाही. 31 ऑक्टोबर 1984 रोजी सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. मृत्यूचे वृत्त बीबीसीने दुपारीच दिले. आकाशवाणीने संध्याकाळपर्यंत दिले नाही. बंगालच्या दौऱ्यावर असलेले राजीव गांधी दिल्लीकडे निघाले होते आणि वाटेत ट्रान्झिस्टरवर बीबीसीच ऐकत होते. ज्या सरकारची ही नभोवाणी, त्याचा भावी पंतप्रधानही बातमीसाठी लंडनवर विसंबला, यापेक्षा कठोर निकाल दुसरा नाही.

उपाय ठाऊक नव्हता असे नाही. चंदा समितीने 1966 मध्ये स्वायत्त महामंडळ सुचवले. वर्गीज कार्यगटाने 1978 मध्ये ‘आकाश भारती’ न्यासाची शिफारस केली. स्वायत्ततेसाठीचा प्रसार भारती कायदा 1990 मध्ये संमत झाला, पण अमलात यायला 1997 उजाडले. खासगी एफएम केंद्रांना मात्र त्यानंतरही स्वतःची बातमीपत्रे देण्याची मुभा मिळाली नाही. आकाशवाणीच्या बातम्या पुनःप्रसारित करण्यापुरतीच त्यांना सूट मिळाली. आणि श्रोत्यांचा जुना पर्याय असलेले बीबीसी हिंदीचे लघुलहरी प्रसारणही जानेवारी 2020 अखेर बंद झाले.